ख्रिसमसच्या झाडांचं शेत घ्यावं का? आधी मार्चमध्ये खड्डा खणून बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. दोघंही नोकरीला, घर प्लेन्सबोरोला, आणि न्यू जर्सीतल्याच हंटरडन काउंटीत १४ एकर जमीन बघून ठेवलेली. त्यातल्या दहा एकरांत ख्रिसमसची झाडं लावायची, दोन एकरांत स्ट्रॉबेरी-ब्लूबेरी, जी लोकांनी येऊन स्वतः तोडून न्यायची. झाडांना फारसं काही करावं लागत नाही, शनिवार-रविवारी जमेल, आणि आज दुसरीत असलेली मुलगी कॉलेजला जाईपर्यंत पैसे यायला लागतील. हा हिशेब कितपत खरा?

पैसे येतात, ते खरं आहे. ‘फारसं काही करावं लागत नाही’ असं ज्यांनी सांगितलं, त्यांनी झाड फक्त डिसेंबरात पाहिलेलं असणार.

माझं माहेर पाचगणीजवळचं. वडील आणि काका अजून स्ट्रॉबेरी लावतात. सासर हंटरडनमधलं. आजेसासऱ्यांच्या गाई होत्या. दूध परवडेनासं झालं तेव्हा सासऱ्यांनी उताराच्या कुरणात पहिली झाडं लावली, आजेसासऱ्यांच्या मते चांगलं गवत वाया घालवून. आता मी, नवरा, नणंद आणि तिचा मुलगा असे आम्ही बघतो. सासरे ऐंशीच्या पुढे आहेत; रोज शेतात चक्कर मारतात आणि जेवताना आमच्या चुका मोजून दाखवतात. बत्तीस एकरांपैकी अठरा झाडांखाली आहेत, साडेतीन फळांखाली. बाकी गवत, ओढा आणि गाड्या लावायची जागा.

तुम्ही निवडलेली दोन्ही पिकं याच राज्यातली जुनी. अमेरिकेतलं पहिलं ख्रिसमस ट्रीचं शेत मानतात ते १९०१ मध्ये ट्रेंटनजवळ मॅकगॅलियर्ड नावाच्या शेतकऱ्याने लावलेलं, नॉर्वे स्प्रूसची २५,००० रोपं. आणि जंगली ब्लूबेरी शेतात आणली एलिझाबेथ व्हाइट आणि फ्रेडरिक कोव्हिल यांनी, दक्षिण न्यू जर्सीतल्या व्हाइट्सबॉगला. विक्रीचं पहिलं पीक १९१६ चं. पण ब्लूबेरी तिथे रुजली ती आंबट रेतीत. तुम्ही बघताय ती जमीन रेतीची नाही, आणि माझी पहिली शंका तिथेच आहे.

आमच्या भागात बऱ्याच ठिकाणी लाल शेलची (पापुद्र्यांचा मऊ खडक), चिकण अंशाची माती आहे. वरून छान कुरण दिसतं, फूट-दीड फुटावर पाणी तुंबतं. फर जातीच्या झाडाला, त्यातही फ्रेझर फरला, पाय ओले राहिलेले अजिबात चालत नाहीत. फायटोप्थोरा, म्हणजे मुळं कुजवणारी बुरशी, लागते. विदर्भातल्या संत्र्याच्या बागायतदाराला ही बुरशी समजावून सांगावी लागत नाही, तिकडचा डिंक्या याच कुळातला. फ्रेझर हे मूळचं नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूच्या उंच डोंगरमाथ्यांवरचं झाड. आमच्यासारख्या सखल, जड जमिनीत ते मनाविरुद्ध राहतं. गिऱ्हाईक मात्र तेच मागतं, कारण फांदी कडक असते आणि घरात महिनाभर सुई गळत नाही.

१ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाचा पाऊस झाला. आमच्या खालच्या तुकड्यात सहा वर्षांची फ्रेझर होती, माझ्या खांद्याला लागणारी. तीन दिवसांत पाणी ओसरलं. झाडं हिरवीगार, आम्ही सुटलो म्हणालो. पुढच्या एप्रिलमध्ये नवे कोंब फुटायच्या वेळी एकेका झाडाचा तजेला गेला, मग खालची एखादी फांदी विटकरी झाली, मग सगळं झाड. बुंध्याशी सुरीने साल खरवडली तर आत हिरव्याऐवजी दालचिनीचा रंग. जूनपर्यंत चारशेच्या वर झाडं गेली. सहा वर्षांची मजुरी गेली ती गेलीच, पण ती बुरशी मातीत राहते. तिथे पुन्हा फर लावता येत नाही. आता डिसेंबरात जमीन गोठलेली असली की तिथे गाड्या लावून घेतो, आणि गोठलेली नसली की ट्रॅक्टरने त्याच गाड्या ओढून काढतो.

म्हणून जमिनीचा सौदा करायच्या आधी मार्चमध्ये, बर्फ वितळून जमीन भिजलेली असताना, पाच-सहा ठिकाणी फूटभर खोल खड्डे खणा. पाण्याने भरा, ओसरू द्या, पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. तासाला इंचभर तरी पाणी उतरलं पाहिजे. उताराच्या वरच्या अंगाला उतरेल, खाली उतरणार नाही; म्हणजे १४ एकरांतली झाडांची जमीन किती ते तिथेच कळेल. मध्यम ओल असलेल्या जागी कनान फर त्यातल्या त्यात तग धरतो. टर्किश फरच्या खुंटावर कलम केलेलं फ्रेझरही मिळतं, पण रोपाची किंमत ऐकून घ्या आणि मग ठरवा.

आता झाडांकडे. सहा बाय सहा फुटांवर लावलं तर एकरात १,२१० रोपं बसतात, रस्ते सोडले की हजार धरा. आमच्याकडे हजारातली सातशेच्या आसपास विकली जातात. उरलेली हरणं, दुष्काळ, रोग, आणि गवत कापताना आपल्याच माणसाने उडवलेली. २०२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत जवळजवळ थेंब पडला नाही; त्या वसंतात लावलेल्या रोपांपैकी आमची निम्मी गेली. रोप लावल्यापासून सहा-सात फुटांचं विकाऊ झाड व्हायला आठ वर्षं, कधी नऊ. भाव जातीप्रमाणे आणि उंचीप्रमाणे, शंभर डॉलरच्या अलीकडे-पलीकडे. गुणाकार तुम्ही केलाच असेल. तो करताना दहाही एकर एकदम लावायचे धरलेत, हीच मोठी चूक.

एकदम लावलेत तर दहा हजार झाडं एकाच वर्षी तयार होतील. नव्या शेताला एका मोसमात तेवढी गिऱ्हाइकं येणार नाहीत. न विकलेलं झाड पुढच्या वर्षी आठ फुटांचं, त्याच्या पुढच्या वर्षी घरात न मावणारं. आणि छाटणी?

बाजारात दिसणारा तो शंकूसारखा डौल निसर्गाचा नसतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून कापेपर्यंत प्रत्येक झाडाची दर उन्हाळ्यात छाटणी होते. इथे तिला शिअरिंग म्हणतात. फर आणि स्प्रूसची जुलैच्या शेवटापासून, नवी वाढ टणक झाल्यावर. पाइनची त्याआधी, जूनमध्ये. हातात कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीची पातळ सुरी, पायाला मांडीपर्यंत प्लॅस्टिकचं चिलखत. झाडाभोवती फिरत सुरी वरून खाली ओढायची, पाय नेहमी सुरीच्या मागे. शेंडा वेगळा. दोन-तीन कोंब राजा व्हायला उभे असतात. त्यातला एक ठेवायचा, तो फूटभरावर तिरका कापायचा, बाकीचे काढायचे. ठेवलेल्या शेंड्यावर पक्षी बसून तो मोडतो, म्हणून मध्येमध्ये त्यांच्यासाठी उंच बांबू रोवून ठेवतो. आणि झाडाच्या बुडाशी गांधीलमाश्यांचं पोळं असतं, जमिनीत, दिसत नाही. मला एका ऑगस्टमध्ये अकरा चावल्या. नणंद म्हणाली, तू शेताची झालीस. मी तेव्हा मराठीत जे बोलले ते तिला अजून कळलेलं नाही.

आमच्याकडचा सराईत माणूस दिवसाला पाचशे झाडं करतो. तुम्ही दोघं पहिल्या वर्षी मिळून शंभर कराल, आणि संध्याकाळी चमचा उचलता येणार नाही. जुलैअखेर ते सप्टेंबरची सुरुवात म्हणजे तुमचे शनिवार-रविवार धरून बारा दिवस. बाराशे झाडं. बाकीच्या आठ-नऊ हजारांचं काय?

तेव्हा दर वर्षी एकच एकर लावा. आठव्या-नवव्या वर्षी पहिला एकर कापायला येईल तेव्हा नववा लावत असाल. कापलेल्या जागी वर्षभर पड ठेवून पुन्हा. झाडं लावणाऱ्या प्रत्येक कुटुंबात हेच चक्र चालतं, आणि ज्यांनी ते मोडलं त्यांना ते महागात गेलं. २००८ च्या मंदीत झाडं पडून राहिली, भाव पडले, म्हणून देशभरातल्या शेतकऱ्यांनी पुढची काही वर्षं रोपं कमी लावली. त्याची टंचाई २०१६-१७ ला जाणवली. आमच्या सासऱ्यांनी त्या मंदीतही नेहमीएवढीच रोपं लावली होती. हुशारी वगैरे नाही, त्यांना रोपं रद्द करायला फोन करायचा कंटाळा आला होता, असं सासूबाई सांगत.

चक्र मोडायचा दुसरा मोह २०२० ला आला. कोविडचं वर्ष, लोकांना उघड्यावर कुठेतरी जायचं होतं, आणि दुसऱ्याच रविवारी आमची त्या वर्षीची झाडं संपली. दारात गाड्यांची रांग. नवरा म्हणाला, सहा वर्षांची पण विकू, लहान झाड घेतील लोक. सासरे म्हणाले, फाटक लाव. मला माहेरचं आठवलं, बियाण्याला ठेवलेलं धान्य दळायला काढणं. फाटक लावलं. शेजारच्या एकांनी लावलं नाही. त्यांना पुढची दोन वर्षं विकायला पाच फुटांच्या वर काही नव्हतं.

मग ही आठ वर्षं खायचं काय, तर त्यासाठी फळं. आमच्याकडे सासऱ्यांनी झाडांनंतर चारच वर्षांत स्ट्रॉबेरी लावली, कारण बँक नाताळपर्यंत थांबत नव्हती. स्ट्रॉबेरी एप्रिलमध्ये लावा, पहिल्या उन्हाळ्यात फुलं खुडून टाका, दुसऱ्या वर्षी मेअखेर ते जून फळ. माझ्या माहेरी सप्टेंबर-ऑक्टोबरात लावण होते आणि नोव्हेंबर-डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत तोडा चालतो, गादीवाफा, मल्चिंग पेपर, ठिबक, दर वर्षी नवीन रोप. इथे रोपाला धावते, म्हणजे जमिनीलगत पसरणारे कोंब, फुटू देतात, त्यांचाच पट्टा होतो, तीन-चार वर्षं तोच ठेवतात, आणि हंगाम जेमतेम तीन आठवडे. मी आले तेव्हा हे गबाळं वाटलं होतं. मग एका मेमध्ये रात्री पावणेतीनला उठवलं गेलं.

फुलं उमललेली होती आणि आभाळ निरभ्र, वारा पडलेला. अशा रात्री छातीच्या उंचीवर थर्मामीटर दोन अंश सेल्सिअस दाखवत असतो तेव्हा जमिनीलगत फुलाशी शून्य असतं. उणे एकच्या आसपास उमललेलं फूल मरतं. पाकळ्या पांढऱ्याच राहतात, मधला पिवळा भाग काळा पडतो. उपाय उलटा वाटतो: स्प्रिंकलर चालू करायचे आणि फुलांवर बर्फ होऊ द्यायचा. पाणी गोठताना उष्णता सोडतं, आणि जोवर नवं पाणी पडत राहतं तोवर बर्फाच्या आतलं फूल शून्याच्या आसपास टिकतं. पंप मध्येच बंद पडला तर ओल्या फुलातून उष्णता आणखी वेगाने जाते, काहीच न केल्यापेक्षा वाईट. म्हणून पंपाशेजारी कुणीतरी बसायचं, ऊन येऊन बर्फ सुटेपर्यंत. त्या रात्री सासरे आणि मी बसलो, थर्मासमधली कॉफी अर्धी अर्धी. नोझलच्या तोंडाशी बर्फ साचला की ते उठून पान्याने टिचकी मारायचे. सकाळी साडेआठला सगळा पट्टा काचेचा दिसत होता. त्या वर्षी पीक आलं. तुमच्या दोन एकरांना असा पंप, तळं किंवा बोअर आणि रात्री जागणारा माणूस लागेल, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसची मीटिंग असेल.

ब्लूबेरी त्या मानाने शहाणी. झुडूप ३०-४० वर्षं टिकतं. पण तिला ४.५ ते ५ च्या आसपास सामू (pH), म्हणजे आंबट माती, लागते, आणि जुन्या दुधाच्या शेतांत लसूणघासासाठी वर्षानुवर्षं चुना टाकलेला असतो. आमचा ६.६ निघाला होता. गंधक टाकून वर्षभर थांबावं लागलं, आणि अजूनही दर दोन वर्षांनी तपासतो. पहिली दोन वर्षं फुलं काढायची, तिसऱ्या वर्षी चार घास, पूर्ण पीक सातव्या-आठव्या वर्षी. जातींत ड्यूक लवकर येते, ब्लूक्रॉप मधली, एलियट उशिरा. एलियट कमी लावा. पिकणाऱ्या फळात अंडी घालणारी ती ठिपकेदार पंखांची माशी २००८ ला कॅलिफोर्नियात सापडली आणि काही वर्षांत इकडे पोचली. उशिराच्या फळावर तिचा जोर असतो. शरदातली रासबेरी आम्ही तिच्यापायीच उपटली.

फळ तोडायला येणारी माणसं हा वेगळा विषय आहे, आणि त्यात निम्मी आता आपलीच. एडिसन, प्लेन्सबोरो, जर्सी सिटी. आजी-आजोबा भारतातून आलेले असतात, त्यांना दाखवायला आणतात. मला साडीतल्या आजी फार आवडतात. त्यांना सांगावं लागत नाही. बाकीच्यांना दर शनिवारी तेच: स्ट्रॉबेरी ओढायची नाही, देठ दोन बोटांत धरून नखाने तोडायचा, हिरवी टोपी फळाला राहू द्यायची. ब्लूबेरीखाली तळहात धरून अंगठ्याने घोळवायची, पिकलेली आपण पडते. देठाशी लाल कडं दिसलं तर आंबट आहे, राहू दे. खाल्लेलं आम्ही मोजत नाही, पण माणशी प्रवेश घेतो. आधी घेत नव्हतो. एका कुटुंबाने दोन तास पोटभर खाऊन पाव किलो विकत नेली, त्या संध्याकाळी नणंदेने पाटी रंगवली.

विमा काढा, पायखाना भाड्याने आणा, वाट सपाट ठेवा. यावर जास्त लिहीत नाही, विमावाला लिहायला लावेलच.

कराबद्दल मात्र एक सांगते, कारण जमीन घेताना हे हमखास निसटतं. १९६४ च्या कायद्याने इथे शेतजमिनीला मालमत्ता कर फार कमी लागतो. अट अशी की किमान पाच एकर कसलेली हवी, आधीची सलग दोन वर्षं शेतीत असलेली हवी, आणि पहिल्या पाच एकरांवर वर्षाला हजार डॉलरची तरी विक्री हवी. सध्याचा मालक गवत कापून विकत असेल तर ते थांबवू नका. तुमची झाडं विकाऊ होईपर्यंत तेच गवत तुमचा कर वाचवेल.

आणि आता तुम्ही न विचारलेलं. मुलगी कॉलेजला जाईपर्यंत, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ती जाईल तेव्हा शेतात पहिला एकर कापायला आलेला असेल आणि मागे सात-आठ एकर उभे असतील, एकेका वर्षाने लहान. तिथून बाहेर पडायला सोपी जागा नाही. उभी झाडं सोडून गेलात तर दोन उन्हाळ्यांत ती झाडं राहत नाहीत, जंगल होतं. आमच्याकडे हा प्रश्न मोठ्या दिरांच्या रूपाने आला. ते दुसऱ्या राज्यात राहतात, शेतीत कधी नव्हते, आणि त्यांना त्यांचा वाटा हवा होता, जो त्यांचा हक्कच होता. घरं बांधणाऱ्यांच्या भावाने हिशेब केला तर त्यांचा तिसरा हिस्सा द्यायला आम्हाला सगळं विकावं लागलं असतं. दोन नाताळ जेवणाच्या टेबलावर कुणी नीट बोललं नाही. शेवटी राज्याची शेतजमीन राखायची योजना कामी आली, १९८३ च्या कायद्याची: जमीन तुमचीच राहते, तिच्यावर बांधकाम करायचा हक्क तेवढा तुम्ही विकता, कायमचा. त्या पैशातून दिरांचा वाटा फिटला. कागदावर जमिनीची किंमत उतरली, आणि उतरली म्हणूनच ती आमच्याकडे राहिली. तुमच्या १४ एकरांवर असा करार आधीच झालाय का ते पहिल्यांदा विचारा. झाला असेल तर जमीन स्वस्त मिळेल, पण पुढे तिथे वाटेल तसं घर बांधता येणार नाही.

काका मला दर वर्षी विचारतात, आपल्याकडे होईल का हे? स्वतः तोडून न्यायची स्ट्रॉबेरी भिलारच्या बाजूला पर्यटकांसाठी आहेच. ही झाडं मात्र नाहीत व्हायची, त्यांना खरा हिवाळा लागतो.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा: मार्चमध्ये खड्डे खणा, मातीचा नमुना काउंटीच्या रटगर्स एक्स्टेन्शनच्या (रटगर्स विद्यापीठाच्या शेती-सल्ल्याच्या) कचेरीत द्या. नापास झाली तर दुसरी जमीन बघा. पास झाली तरी सही करायच्या आधी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे या, दोघंही, मुलीलाही आणा. एक ओळ तुम्हाला देते, शंभर झाडांची. सुऱ्या आणि चिलखतं आहेत. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणा, मधमाशीची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा, आणि सकाळी साडेसहाला या, दहानंतर ऊन लागतं. जेवायला पिठलं-भाकरी आहे. सासरे तुमची ओळ बघून काय म्हणतील ते मी भाषांतर करून सांगेन, जमेल तेवढं.